पॉलिश केलेल्या अलॉय व्हील्सवर धुतल्यानंतर पांढरट डाग: काय चुकलं, आणि नेहमी धुवायचं कसं?

स्टेपनी

गाडीला पॉलिश फिनिशची अलॉय आहेत. स्पोकचा दर्शनी भाग आणि कडेची पट्टी आरशासारखी, स्पोकच्या मधल्या खोलगट जागा गडद राखाडी रंगवलेल्या. पुढच्या दोन चाकांवर काळी धूळ भराभर बसते, मागच्या दोनवर फारशी नाही. कार शाम्पूने वरवरची धूळ निघते, पण स्पोक मध्यभागी जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत बारीक तपकिरी ठिपके उरतात. नखाने खरवडले तर टोचतात, निघत नाहीत.

त्यासाठी चाकांसाठीचाच एक फवारा मारून पाच मिनिटं ठेवला. बाटलीवर ‘सर्व चाकांसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं आहे. ठिपके निम्मे गेले, पण एका चाकाच्या पट्टीवर ओघळाच्या आकाराचा पांढरट डाग उमटला. गंमत म्हणजे चाक ओलं असताना तो दिसत नाही, वाळलं की पुन्हा हजर.

डाग कसला आहे आणि निघेल का? उरलेले ठिपके कशाने काढू? आणि दर वेळी धुताना नेमका क्रम काय ठेवायचा?

पाना_तेरा

डागाचं निदान करण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल: पट्टीवर लॅकर (धातूवरचा पारदर्शक संरक्षक थर) आहे की धातू उघडा आहे? दोन्ही चकाकतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे.

चाचणी अशी. पट्टीचा व्हॉल्व्हमागचा नखाएवढा भाग आधी शाम्पूने धुऊन कोरडा करा. न धुता केलीत तर मळानेच फडकं काळं होईल आणि उत्तर चुकेल. पांढऱ्या सुती कापडावर मोहरीएवढं मेटल पॉलिश घ्या आणि दहा-बारा वेळा घासा. कापडावर काळं उतरलं तर धातू उघडा आहे. पॉलिशचा स्वतःचा रंगच राहिला तर वर लॅकर आहे. तिथेच थांबा, कारण पॉलिशमधले खरखरीत कण लॅकरला धुरकट करतात.

नजरेनेही अंदाज येतो. उजेड तिरका पडू द्या आणि जवळून बघा. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा अगदी बारीक गोल रेषा दिसल्या तर ते पॉलिश नव्हे, लेथवर कापलेलं ‘डायमंड कट’ फिनिश आहे, आणि त्यावर जवळजवळ नेहमीच लॅकर असतं. रेषा नसतील आणि प्रतिबिंब स्वच्छ दिसत असेल तर खरं पॉलिश असण्याची शक्यता जास्त.

ओलं असताना डाग नाहीसा होतो याचा अर्थ पृष्ठभाग खाल्ला गेलाय. सूक्ष्म खड्ड्यांत पाणी भरलं की सपाटी येते, पाणी उडालं की खड्डे उजेड विखुरतात आणि पांढरं दिसतं. वर काही साचलेलं नाही, त्यामुळे धुऊन जाणारही नाही.

पुढच्या चाकांवर धूळ जास्त असण्यात काही बिघाड नाही. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि मुख्य काम पुढचे ब्रेक करतात.

सामू_सात

बाटलीवरच्या ‘सर्व चाकांसाठी’ या शब्दांवर जाऊ नका. त्याचा व्यवहारातला अर्थ ‘ज्यांचं लॅकर शाबूत आहे अशा सर्व चाकांसाठी’ एवढाच असतो. मागची बारीक अक्षरं वाचा, तिथे बहुधा ‘उघड्या अॅल्युमिनियमवर वापरू नये’ असं सापडेल.

अॅल्युमिनियम आम्लालाही भितो आणि अल्कलीलाही. त्याच्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, काही नॅनोमीटरचा, आणि तोच त्याचं रक्षण करतो. पीएच साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तर हा थर टिकतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तो विरघळतो, मग खालचा धातू उघडा पडून खाल्ला जातो. आम्लाने बहुतेकदा पांढरट, दुधी डाग येतो. कॉस्टिकसारख्या तीव्र अल्कलीने राखाडी ते काळपट थर येतो, कारण अॅल्युमिनियम विरघळतं आणि मिश्रधातूतले बाकीचे घटक वर उरतात. तुमचं वर्णन आम्लाकडे बोट दाखवतंय.

लेबलवर ही नावं दिसली तर पॉलिश चाकाला ती बाटली लावायची नाही: हायड्रोफ्लोरिक आम्ल, अमोनियम बायफ्लोराइड, फॉस्फोरिक आम्ल, सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सोडियम मेटासिलिकेट. पहिल्या दोन नावांबाबत तर चाकाची काळजी सोडा, हाताची करा. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असलं तर कातडीवर लगेच जाणवत नाही. आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि वेदना काही तासांनी सुरू होतात. अंगावर पडल्याची शंका आली तरी भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचं आणि बाटलीसकट डॉक्टरांकडे जायचं. दुखेपर्यंत वाट बघायची नाही.

घरगुती उपायांचंही तेच. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ओव्हन क्लीनरमध्ये कॉस्टिक, धुण्याचा सोडा अल्कलीच, ब्लीच अल्कली असून शिवाय क्लोराइडमुळे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. व्हिनेगर आणि लिंबाचा पीएच २ ते ३ च्या आसपास. ‘नैसर्गिक’ म्हणून धातू त्यांना सवलत देत नाही. आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

स्टेपनी

दोघांचेही आभार. चाचणी केली, दोन घासण्यांतच कापड काळंकुट्ट. म्हणजे पट्टी उघडी. स्पोकच्या दर्शनी भागावरही केली, तिथेही काळं. लेबलवर फॉस्फोरिक आम्लाचं नाव आहे.

रिमझिम

मग आधी ठिपक्यांचं आणि धुण्याचं सांगते, डाग नंतर. मळ असताना पॉलिश करणं म्हणजे वाळू टाकून घासणं.

ते तपकिरी ठिपके म्हणजे ब्रेकच्या डिस्कमधून (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीतून) सुटलेले लोखंडाचे कण. सुटताना तापलेले असतात, चाकावर चिकटतात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. म्हणून रंग तपकिरी, आणि म्हणून टोचतात. शाम्पूचं हे काम नाही. लागतो तो आयर्न रिमूव्हर, ज्यात थायोग्लायकोलेट असतं आणि ज्याचा पीएच साधारण ७ च्या आसपास असतो. लोखंडाशी जोडला गेला की द्राव जांभळा होतो. वास सडक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे उघड्यावरच काम करा, हातमोजे घाला.

क्रम असा ठेवा.

चाक पूर्ण गार हवं. हाताची पालथी बाजू स्पोकला लावा. कोमट जरी लागलं तरी अजून थांबा. गरम चाकावर द्राव मिनिटभरात वाळतो आणि वाळलेल्या कडेवरच डाग उमटतो. तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा झोत मारला तर ती वाकण्याचाही धोका असतो. सावली हवीच.

गाडीची बॉडी धुण्याआधी चाकं धुवा, नाहीतर चाकांची घाण धुतलेल्या दारांवर उडते. एका वेळी एकच चाक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चारही चाकांवर एकदम फवारा मारून मग घासायला बसलं की चौथ्यापर्यंत पोहोचेतो पहिलं वाळलेलं असतं.

साध्या पाण्याने भरपूर धुवा, आतली बाजूसुद्धा. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा पसरणारा नोझल लावा आणि निदान ३० सेंमी लांब धरा. टायरच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हवर जवळून रोखू नका.

दोन बादल्या घ्या. एकीत १० लिटर पाणी आणि न्यूट्रल कार शाम्पू (प्रमाण बाटलीवरचंच, अंदाजे ओतू नका), दुसरीत फक्त स्वच्छ पाणी. ब्रश आधी स्वच्छ पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. चाकांचा मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) आणि ब्रश वेगळे ठेवा, बॉडीला ते कधीही लावायचे नाहीत. त्यात अडकलेला लोखंडी चुरा रंगावर ओरखडे काढतो. चाकाच्या आतल्या नळकांड्यासाठी (स्पोकमागच्या गोल पोकळीसाठी) लांब दांड्याचा मऊ ब्रश, नटांच्या खळग्यांसाठी छोटा ब्रश, दर्शनी भागासाठी फक्त मायक्रोफायबर मिट. ब्रशच्या मधली तार उघडी पडलेली असेल तर तो ब्रश फेकून द्या, पॉलिशवर एकच ओरखडा पुरेसा असतो. हिरवी घासणी आणि तारेची घासणी यांचा तर विषयच नको.

शाम्पू धुऊन पाणी ओघळू द्या, मग आयर्न रिमूव्हर. शाम्पू आधी का? कणांवर तेलकट थर असेल तर रिमूव्हर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि लोक म्हणतात ‘जांभळं झालं नाही म्हणजे लोखंड नाही’. दोन-तीन मिनिटं, वाळू द्यायचं नाही, मऊ ब्रशने हलकं फिरवायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. ठिपके उरले तर जास्त वेळ ठेवू नका, दुसरी फेरी करा. उघडा धातू असल्याने पहिल्यांदा व्हॉल्व्हमागच्या त्याच नखाएवढ्या जागेवर करून, वाळवून, मगच सगळीकडे.

शेवटी लगेच पुसा. आपोआप वाळू दिलं तर पाण्यातल्या क्षारांचे गोल डाग बसतात, आणि ते काढायला पुन्हा आम्ल आठवतं. नटांच्या खळग्यांत पाणी अडकतं. तिथे ब्लोअर किंवा पिळलेल्या फडक्याचं टोक.

नटबोल्ट

वरच्या क्रमाशी सहमत, दोन जोडण्या.

डांबराचे थेंब रिमूव्हरने निघत नाहीत. त्यासाठी टार रिमूव्हर फडक्यावर घ्या, चाकावर थेट ओतू नका. मिनिटभर थेंबावर दाबून धरा, मग पुसा. टायरच्या रबराला लागू देऊ नका. आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं असतील तर तिथे अजिबात नाही, त्यांच्या मागचा गोंद त्याच द्रावाने सुटतो.

क्ले बार (चिकटलेले कण उचलून घेणारी मळलेल्या मातीसारखी वडी) पॉलिश धातूवर मी टाळेन. लॅकरवर ठीक आहे, पण मऊ उघड्या अॅल्युमिनियमवर क्लेमध्ये अडकलेला एकेक लोखंडी कण रेघ ओढत जातो. रिमूव्हरच्या दोन फेऱ्या बऱ्या.

रिमझिम

क्लेबद्दल: ज्या धातूला नंतर पॉलिश करायचंच आहे त्यावर रेघा आल्या तरी त्या पॉलिशमध्ये जातात, त्यामुळे मी इतकी कडक नाही. पण पॉलिश करायचं नसेल तर तुमचं बरोबर.

पाना_तेरा

आता डाग. उघडा धातू निघाला ही खरं तर चांगली बातमी. लॅकर खाल्लं गेलं असतं तर घरी करण्यासारखं फार काही उरलं नसतं. धातू परत चमकवता येतो.

आधी राखाडी रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावा. पॉलिश रंग पातळ करतं आणि कडेला ते सगळ्यात आधी दिसतं.

पट्टीचा फक्त १० सेंमीचा तुकडा घ्या. हरभऱ्याच्या दाण्याएवढं मेटल पॉलिश सुती किंवा मायक्रोफायबर कापडावर घ्या, बोटांनी मध्यम दाब देऊन मिनिट-दोन मिनिटं मागेपुढे घासा. ते काळं होईल. पूर्ण वाळायच्या आत कापडाच्या स्वच्छ भागाने पुसा, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने चमकवा. डाग फिका झाला तर त्याच रीतीने पुढे जा.

इथे बहुतेकांची चूक होते. कापड काळं होणं थांबेपर्यंत घासत राहायचं असं वाटतं. ते कधीच थांबत नाही. तो काळा रंग मळाचा नाही, घासल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमचाच आहे, तासभर घासलंत तरी येतच राहील. थांबायचं ते प्रतिबिंब बघून. बोट पट्टीपासून एक सेंमीवर धरा. नखाची कड स्पष्ट दिसायला लागली की तो तुकडा झाला.

दोन फेऱ्यांत काहीच फरक नसेल तर खड्डे पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहेत. मग २००० नंबरचा वॉटरप्रूफ पेपर, पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून, पाण्यात शाम्पूचा एखादा थेंब. पट्टीच्या गोलाईने २०-२५ हलके हात. पृष्ठभाग एकसारखा मंद दिसायला हवा, मधेच डागाचा आकार उरायला नको. मग ३००० नंबर, शक्य तिथे आडव्या दिशेने, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. एक नंबर वगळला की त्याच्या रेघा शेवटच्या चकाकीत उन्हात दिसतात. मग पॉलिश. ८०० किंवा १००० पासून सुरुवात फूटपाथला घासून पडलेल्या खरचटींसाठी. दुधी डागाला तोफ लावायची गरज नसते.

घासूपुसू

ड्रिलला फोमचा गोळा लावून केलं तर चालेल का? हाताने चार चाकं म्हणजे खांदे गेले.

पाना_तेरा

चालेल, पण वेग कमी, १५०० आरपीएमच्या आत. गोळा फिरायला लागण्याआधी पॉलिश लावून पसरवून घ्या, नाहीतर सगळं भिंतीवर उडतं. एका जागी थांबू नका आणि स्पोकच्या धारेवर दाब देऊ नका. तिथे धार गोल होते आणि ती परत आणता येत नाही. डोळ्यांना चष्मा. सैल फडकं फिरत्या गोळ्याजवळ नको, गुंडाळलं की मनगट मुरगळतं. आणि शेवटचा हात तरीही हातानेच: यंत्राने येणारी गोल धुरकट जाळी हातानेच जाते.

सामू_सात

पॉलिशनंतरचं राहिलं. पॉलिशमधलं तेल धातूवर उरतं, त्यावर सीलंट (चकाकी टिकवणारा पातळ संरक्षक लेप) धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घेऊन स्वच्छ कापडाने दोनदा पुसा. कोपऱ्यांत आणि नटांच्या कडेला अडकलेलं पॉलिश वाळून पांढरी पावडर होते. मऊ टूथब्रश वापरा. ही पावडर पाहून लोकांना पुन्हा डाग आला असं वाटतं.

मग मेटल किंवा व्हील सीलंटचा अगदी पातळ हात आणि १२ तास तरी पाणी नाही. साधं कार्नाउबा वॅक्स लावू शकता, पण ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. लांब उतारावर सतत ब्रेक लागले की डिस्कजवळचा भाग बऱ्यापैकी तापतो, म्हणून वॅक्स चाकांवर गाडीच्या छतावर टिकतं तितकं टिकत नाही.

नटबोल्ट

सिरॅमिक कोटिंगचा मोह होईल म्हणून सांगतो: पॉलिश केलेल्या उघड्या धातूवर मी ते टाळतो. कोणताही जाड थर आरशाची खोली थोडी कमी करतो, आणि कोटिंग ठिकठिकाणी झिजलं की उघडा भाग मंद, झाकलेला चकचकीत असे ठिपके पडतात. मग एकसारखं करायला आधी सगळं कोटिंग घासून काढा. साधं सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी लावलेलं परवडतं. रंगवलेल्या खोलगट भागावर आणि आतल्या नळकांड्यावर मात्र कोटिंग खुशाल करा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

सामू_सात

यावर मतभेद आहे, पातळ कोटिंग नीट साफ केलेल्या धातूवर बरंच टिकतं. पण ज्याला दर काही महिन्यांनी पॉलिश करायला आवडतं त्याला सीलंट सोपं, हे मान्य.

स्टेपनी

कालचा हिशेब: रिमूव्हरच्या दोन फेऱ्यांत ठिपके गेले. डाग नुसत्या पॉलिशने ८०-९० टक्के गेला, उरलेल्याला २००० आणि ३००० लागले. आता शोधलं तरच सापडतो. दोन शंका. पॉलिश किती दिवसांनी करत राहू? आणि दुसऱ्या गाडीच्या लॅकरवाल्या चाकावर खरचटीपासून निघालेल्या पांढऱ्या, अळीसारख्या रेषा पसरतायत, त्यावरही हेच चालेल का?

रिमझिम

पॉलिश तारखेने नाही, दिसण्याने. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरायला लागले की आधी फक्त सीलंट. प्रतिबिंब धूसर झालं तरच पॉलिश. नियमित धुतलं तर वर्षातून दोनदा पुष्कळ झालं. दर वेळी थोडा धातू जातो. चाक त्याने कमजोर होत नाही, पण धारा आणि कोरलेली अक्षरं बोथट होत जातात.

अळीसारख्या रेषांना इथलं काहीही लागू नाही. लॅकर जिथे तुटलं तिथून ओल आत शिरून लॅकरखाली गंज धाग्यासारखा सरकतोय. वरून घासलंत तर आधी लॅकर जाईल आणि ओलीला आणखी वाट मिळेल. लॅकर काढून, धातू साफ करून, पुन्हा लॅकर चढवणं हाच उपाय. डायमंड कट असेल तर लेथवर पुन्हा कापावं लागतं, आणि दर कापणीत धातू जात असल्याने ते मोजक्याच वेळा करता येतं. तोवर त्या चाकाला आम्ल तर सोडाच, प्रेशर वॉशरही लांबून: सुटलेल्या लॅकरच्या कडेवर झोत गेला की पापुद्रा उचलला जातो.

नटबोल्ट

शेवटचं, ब्रेकचं. पॉलिश, सीलंट, टायर ड्रेसिंग यातलं काहीही डिस्कवर किंवा पॅडवर जाता कामा नये. सीलंट फवाऱ्याचं असेल तर ते चाकावर नाही, फडक्यावर मारा. धुतल्यावर मोकळ्या जागेत गाडी हळू चालवा, पाच-सहा वेळा हलके ब्रेक लावा. डिस्कवर दिसणारा पातळ नारिंगी गंज त्यातच पुसला जातो. ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी तशीच दोन-तीन दिवस उभी केली तर पॅड चिकटतात.

आतून साफ करायला चाक उतरवलं असेल तर हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारा भाग आणि नटांचे उतार कोरडे, स्वच्छ ठेवा. तिथे पॉलिश किंवा वॅक्स लागलं तर नट नीट बसत नाहीत. टॉर्क (नट आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधला, नट समोरासमोरच्या क्रमाने, आणि ८०-१०० किमी चालवून पुन्हा एकदा तपासा. जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, स्टँड लावा.

घासूपुसू

धुतल्यानंतर ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं तर? आधी नव्हतं.

नटबोल्ट

चाक उतरवलं होतं का? तर गाडी थांबवा आणि सगळ्यात आधी नट तपासा. उतरवलं नव्हतं तर आतल्या बाजूला बघा, वजनाच्या पट्टीएवढी एक स्वच्छ चौकोनी जागा आणि तिथे गोंदाचा माग दिसेल. वजन टार रिमूव्हरने किंवा प्रेशर वॉशरने पडलंय. अंदाजाने दुसरं चिकटवू नका, बॅलन्सिंग करून घ्या. नवं वजन चिकटवण्याआधी ती जागा अल्कोहोलने पुसायला सांगा. सीलंटवर चिकटवलेलं वजन पुढच्या धुण्यात पुन्हा पडेल.